खंडेनवमीला थांबलेलं इंजिन

मुलांनो,

परवा तुम्ही दोघं एकाच वेळी फोनच्या पडद्यावर आलात, थोरला त्याच्या स्वयंपाकघरातून आणि धाकटी तिच्या प्रयोगशाळेतून. धाकटीने सांगितलं, की ती दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन तळावर जाणार आहे. तिथे राहणाऱ्या शास्त्रज्ञांना वीज पुरवायचं काम तिच्याकडे आहे. सौर पॅनल, पवनचक्क्या, बॅटऱ्या आणि यातलं काहीच चाललं नाही तर डिझेलचं इंजिन. तुमची आई आनंदाने हसत होती. मी मात्र एक शब्द न बोलता उठले आणि आत गेले. मागून थोरल्याचा आवाज ऐकला, "आजी हँग झाली वाटतं." धाकटीला वाटलं, मी रागावले.

मी रागावले नव्हते. मला धक्का बसला होता. ध्रुवावरची वीज ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा आलेली नाही. ती भिलाईत एकदा आली होती, आणि तिच्यामुळे तुमची आई जगली. तुमच्या आईला एवढंच ठाऊक आहे की ती लहानपणी एका पेटीत वाढली. पूर्ण हकिगत तिलाही कुणी क्रमाने सांगितलेली नाही. धाकटी निघण्याआधी ती तिच्या हातात पडावी म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मी नागपूरहून इंग्रजी घेऊनच बी.ए. झाले. पण माझ्या सासूबाईंचं बोलणं इंग्रजीत लिहिलं की त्या मला अनोळखी वाटतात. तेव्हा सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. लांबून नुसत्या क्रेन दिसायच्या, जवळ गेलं की नुसती लाल धूळ. रशियन माणसं टोप्या घालून सुपेल्याच्या बाजारात टोमॅटो निवडताना दिसायची. तुमचे आजोबा सर्व्हेमध्ये होते आणि महिन्यातले बरेच दिवस खाणींकडे असायचे. मी ऑफिसात टायपिंग करायची. रशियन कागदांचं दुभाषे इंग्रजी करायचे, ते मी टाईप करायची. आमचं क्वार्टर रिसालीच्या बाजूच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे. विजेची लाईन त्या ओळीपर्यंत आली नव्हती, म्हणून मागच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये डिझेलचं इंजिन बसवलेलं होतं. ते दिवसरात्र धडधडायचं. फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे. पहिल्या आठवड्यात मी वेडी होईन असं वाटलं, आणि मग ते ऐकू येईनासं झालं.

त्या इंजिनावर देखरेख करायला एक रशियन होता. अशा सगळ्या तात्पुरत्या इंजिनांचा तोच प्रमुख, पण राहायचा आमच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. त्याला चांगल्या सेक्टरमध्ये घर मिळालेलं होतं. तिथे इंजिनाचा आवाज येत नाही म्हणून झोप लागत नाही, असं तो म्हणायचा. बुटका, रुंद, आणि एका कानाचं टोक झडलेलं. जहाजांवर काम करताना शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी त्याला येत होतं, त्यामुळे त्या ओळीत त्याला बोलायला मी एकटीच सापडले.

सासूबाईंना मी मामीजी म्हणायची, नागपूरकडे तशीच पद्धत. तो त्यांना त्याच्या भाषेत आई या अर्थाने मामा म्हणायचा. त्यावर त्या म्हणायच्या, "मले मामा म्हणते! मिशा हायेत काय मले?" त्याचा कान पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारायला लावलं, "विचार त्याले, कान कोणं खाल्ला? उंदरानं?"

तो हसला आणि म्हणाला, "थंडीने."

अशा रीतीने आम्हाला कळलं, की भिलाईला येण्याआधी तो एक अख्खा हिवाळा दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर राहिला होता. तिथेही काम हेच, इंजिन चालू ठेवायचं. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या, तो पायरीवर, आणि मी मधे इकडचं तिकडे सांगायची. तिथे कित्येक महिने सूर्य उगवत नाही, हे त्यांनी मान्य केलं. लोखंडाचा हातोडा बिस्किटासारखा तुटतो, हेही. पण माणसं तिथे जातात कशाला, हे त्यांना पटेना.

"थंडी मोजायला," तो म्हणाला.

"मोजाले थंडीतच जावं लागते काय? इथं बसून म्हणाव का नाही, लय हाय म्हणून?"

मी हे त्याला सांगितलं. तो गुडघ्यावर थाप मारून हसला आणि म्हणाला, की यांना मॉस्कोला पाठवलं पाहिजे, पुष्कळ खर्च वाचेल.

त्याचं एक म्हणणं मात्र तो हसत सांगायचा नाही. तिथे इंजिन म्हणजे फक्त दिवा नव्हे. त्याच्या भोवतीने फिरणारं गरम पाणी नळ्यांतून खोल्यांत जातं, त्यावर खोल्या उबदार राहतात, बर्फ वितळून प्यायचं पाणी होतं. इंजिन थांबलं की घर थंड पडत जातं, आतलं तेल मेणासारखं गोठतं, आणि गोठलं की इंजिन पुन्हा सुरू होत नाही. म्हणून एक चालू आणि एक तयार, अशी दोन इंजिनं लागतात. आमच्या शेडमध्येही आधी दोन होती. त्यातलं एक वरच्या साहेबांनी पंपाच्या कामासाठी हलवलं, तेव्हा तो तणतणत आला होता. "एक इंजिन म्हणजे शून्य इंजिन," असं त्याने मला टाईपही करून द्यायला लावलं. उत्तर आलं, की भिलाईत बर्फ पडत नाही.

तुमची आई त्यानंतर पितृपक्षात जन्मली, दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढी. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा मोजाव्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की नागपूरपर्यंतचा प्रवास ती सोसणार नाही. घरी न्या, ऊब सुटू देऊ नका. खोलीत शेगडी ठेवू नका, धूर तिला सोसणार नाही. 

पेटी त्या रशियनाने केली. यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून येत त्यातलं एक फोडून, रंधा मारून. खाली जाळीची फळी, तिच्याखाली दोन बल्ब, वर कापसाची गादी, कडेला थर्मामीटर अडकवलेला. झाकणाला भोकं पाडली. फळीवरची रशियन अक्षरं तशीच राहिली होती. सासूबाईंना संशय आला.

"याले कसं ठाऊक, लेकराची पेटी कशी करतेत ते?"

त्याने सांगितलं, की ही लेकराची पेटी नाही. बॅटरीची आहे. ध्रुवावर बॅटरी गारठली की मरते, म्हणून तिला अशा पेटीत बल्बच्या उबेवर निजवून ठेवतात.

"म्हणजे माह्या नातीले बॅटरी केलं यानं," सासूबाई म्हणाल्या. पण पेटी त्यांनी स्वतःच उचलून आत आणली.

मी त्यांना समजावून सांगितलं होतं, की ऊब बल्बची आहे. त्यांनी मान हलवली होती. मला पुष्कळ नंतर उमगलं, की त्यांच्या लेखी ऊब म्हणजे निखारा. काचेच्या गोळ्यात, धुराशिवाय, हाताला न पोळता ऊब असते हे त्यांनी ऐकलं खरं, पण त्यांच्या मनात ते कधी बसलंच नाही. बल्ब होते ते लेकरू अंधारात दचकू नये म्हणून. ऊब कापसाची, आणि त्या रोज करायच्या त्या तेलमालिशीची.

सुवेर फिटलं आणि नवरात्र बसलं. सासूबाईंनी घट मांडला, अखंड दिवा लावला. पेटी त्याच खोलीत, घटासमोर. दिव्याला त्या जिवापाड जपायच्या. रात्रीतून उठून तेल घालायच्या, वात सारायच्या, वारा आला तर पदर आडवा धरायच्या. पोरगी हळूहळू जीव धरू लागली होती. मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची, आणि ती आता बोळा चोखायला लागली होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या त्या याच दिवसांत.

अष्टमीपासून बंगालकडच्या वादळाचा पाऊस लागला. सतत बारीक धार आणि बोचरा वारा. ऑक्टोबरात भिलाईत इतकं गार मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भिंतींना ओल आली, पांघरुणं दमट झाली.

नवमीला सकाळी रशियन जीपने कारखान्याकडे गेला होता. आजोबा खाणींकडेच होते. मी पोरीला पाजलं, पेटीत ठेवलं आणि पलंगावर आडवी झाले.

मला जाग आली तेव्हा काहीतरी चुकलेलं होतं, आणि ते काय हे मला कळेना. पाऊस ऐकू येत होता. पागोळ्यांचा एकेक थेंब ऐकू येत होता. फळीवरचे कप गप्प होते. आणि मग कळलं. इंजिन बंद होतं.

मी पेटी उघडली. दोन्ही बल्ब काळे. हात आत घातला तर कापूस गार. तिचा पाय हातात घेतला तर तो माठाच्या बुडासारखा गार लागला. ओठ जांभळे. ती रडत नव्हती, हातपाय आखडत नव्हती, नुसती पडून होती. मी तिला शालीत गुंडाळलं, आणि शालच दमट होती हे मला तेव्हा कळलं नाही. शेगडीत पहाटेच्या नैवेद्यानंतर राख उरली होती. मी दारात जाऊन ओरडले. ओळीत कुणीच नव्हतं. समोर घटापाशी सासूबाईंचा अखंड दिवा छान स्थिर तेवत होता. तो पाहिल्याचं मला आजही आठवतं.

सगळी ओळ शेडमध्ये होती. पूजेला.

काय झालं होतं ते शेजारणीने मला नंतर सांगितलं. तिने आदल्या दिवशी कुंपणापलीकडून ऐकलं होतं. इंजिन चालवणारा ऑपरेटर भंडाऱ्याकडचा, आधी रेल्वेच्या लोको शेडमध्ये होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "या इंजिनानं माह्या नातीले एक रात्र अंधारात राहू नाही देलं. उद्या खंडेनवमी हाय. त्याची पूजा मी करीन."

तो खूश झाला. "मावशी, आमच्या लोको शेडमंदी तर दसऱ्याले इंजिनाले आंघोळच घालत होतो. तेल नवं, हार नवा. हे बिचारं तर नुसतं राबून राहिलं."

"मंग उद्या त्याले आराम दे. पोळ्याच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवते काय कोणी?"

"अन् लाईट?"

"दिवसाउजेडी लाईट कोणाले पायजे?"

लोको शेडमध्ये एक इंजिन विसावलं तरी दहा उभी असायची. इथे एकच होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि हत्यारांना खंडेनवमीला विश्रांती द्यायची, त्यांना हात लावायचा नाही, ही तर आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती मोडणं पाप, पाळणं नव्हे. त्या दोघांनी मिळून जे केलं ते निव्वळ कृतज्ञतेपोटी केलं. साठ वर्षं होऊन गेली, तरी मला या गोष्टीचा धक्का पचलेला नाही. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, कुणी आळस केला नव्हता. कुंकवाचं बोट लावून त्यांनी माझ्या पोरीचं इंजिन बंद केलं.

मी भर पावसात अनवाणी शेडच्या दारात पोचले तेव्हा नारळ फुटत होता. इंजिन धुऊन पुसून चकचकीत, झेंडूचा हार, हळदीकुंकवाची पाच बोटं. सासूबाई नवं लुगडं नेसून हात जोडून उभ्या. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अवं, बाळंतीण असून पावसात कावून आली?" आणि मग त्यांनी माझ्या हातातली पोर पाहिली.

नेमकी तेव्हाच जीप आली. त्या माणसाने लांबूनच शेड गप्प आहे हे ओळखलं असावं, कारण जीप थांबायच्या आत तो उडी टाकून खाली आला. हार घातलेलं इंजिन त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा असा पांढरा पडला, की मी माणसाचा चेहरा तसा पुन्हा पाहिलेला नाही. तो ओरडू लागला. रशियनमध्ये. पहिल्यांदा मला वाटलं, तो शिव्या देतोय. मग लक्षात आलं, तो माणसं मोजत होता. बोटाने एकेकाकडे दाखवून. त्याला भिलाई दिसतच नव्हती.

मी इंग्रजीत किंचाळले, "मूल! मूल गार पडलंय!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि भानावर आला. ऑपरेटरला त्याने खुणेने सांगितलं, सुरू कर. ऑपरेटरने कानाला हात लावले. रीत मोडेल म्हणून नव्हे. पूजेआधी त्याने जुनं काळं तेल काढून टाकलं होतं. सणाला जुने कपडे कसे चालतील? नवं तेल स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, आणि स्टोअरकीपर सणासाठी राजनांदगावला. इंजिन आतून कोरडं होतं. तसंच फिरवलं असतं तर जागच्या जागी जाम झालं असतं.

पुढचं इतकं पटापट झालं, की मी ते पुष्कळदा मनात लावून पाहिलं आहे. त्याने मला खांद्याला धरून घराकडे वळवलं आणि ओट्यावर म्हणाला, "शाल काढा. पोलका उघडा. मूल अंगाला लावा, कातडीला कातडी. वरून सगळी पांघरुणं." हे परपुरुषाच्या तोंडून, सासूच्या देखत, दिवसाढवळ्या. मी दगडासारखी उभी राहिले. तो भिंतीकडे तोंड करून ओरडला, "आमच्याकडे असंच करतात! शेकोटी नाही! माणूस!"

जी बाई त्याला बूट घालून उंबरा ओलांडू देत नव्हती, तिने माझ्या पोलक्याच्या गुंड्या स्वतःच्या हाताने तोडल्या. "हे काय लाजाचं काम हाय काय!" म्हणत तिने पोर माझ्या छातीशी दाबली, आम्हा दोघींवर गोधड्या टाकल्या आणि वरून स्वतः मिठी घालून बसली. पोर बर्फाच्या लादीसारखी लागली मला. तिचं हृदय माझ्या हाडाला टिकटिकत होतं, मधेच थांबल्यासारखं व्हायचं, आणि मी माझा श्वास धरायची.

तोवर तो शेडमध्ये परत गेला होता. इंजिन बंद पडून फार वेळ झाला नव्हता, आणि इंजिनाच्या अंगातलं पाणी अजून कढत होतं. खालची तोटी सोडून त्याने ते पाणी बाटल्यांत भरलं. सोड्याच्या, औषधाच्या, त्याच्या स्वतःच्या दारूच्या, मिळेल त्या. त्या मोज्यांत घालून तो आत आला. बुटांसकट, घटासमोरून. त्याने पेटीत चहूबाजूंनी बाटल्या रचल्या, थर्मामीटर पाहिला, दोन बाटल्या काढून सासूबाईंच्या हातात दिल्या आणि माझ्या पाठीकडे बोट दाखवलं. मग त्याने मला विचारलं, काढलेलं जुनं तेल कुठे आहे?

ते एका डब्यात होतं. खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायला ठेवलेलं. पण डबा उघडा होता, वरून पाऊस आणि झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. तो म्हणाला, कापड. स्वच्छ, पुष्कळ.

घरातलं प्रत्येक फडकं दमट होतं. सासूबाई उठल्या. त्या आत गेल्या, जुनं लुगडं गुंडाळून बाहेर आल्या, आणि सणाचं नवं लुगडं त्याच्या अंगावर टाकलं. "घे बाप्पा. फाड."

तळाच्या पाण्यावरचं तेल निथळून, चुलीवर तापवून, त्या लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळून त्याने आणि ऑपरेटरने ते परत इंजिनात ओतलं. पाणीही भरलं. हे सगळं मी पाहिलं नाही, गोधडीखाली होते. मी फक्त ऐकलं. एकदा घरघरलं आणि थांबलं. पुन्हा घरघरलं आणि थांबलं. मग धडधड सुरू झाली आणि फळीवरचे कप किणकिणले. पेटीतले बल्ब लागले.

पोर मात्र तशीच होती. ती पहिल्यांदा कण्हली तेव्हा बाटल्यांतलं पाणी एकदा बदलून झालं होतं. कण्हली, मग आखडली, मग मांजरीच्या पिल्लासारखी रडली. सासूबाई घटाच्या दिव्याकडे पाहत होत्या.

"म्या घरातला दिवा विझू नाही देला," त्या म्हणाल्या, "अन् लेकराचा विझवला."

 पोर माझ्या छातीशी रडत होती आणि तिचं रडणं थांबू नये एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी येऊन तपासून गेल्या. तेव्हा तो पायरीवर बसला होता, कोपरापर्यंत काळा. मी त्याला चहा नेऊन दिला. कप त्याने हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. इतके दिवस हसत गोष्टी सांगणारा तो माणूस तेव्हा पहिल्यांदा ती एक गोष्ट बोलला, जी त्याने आम्हाला सांगितली नव्हती.

त्या हिवाळ्यात तिथलं इंजिन एकदा थांबलं होतं. डिझेल आणणाऱ्या नळीत बर्फ झाला होता. दुसरंही सुरू होईना. त्याचा जोडीदार बाहेर डिझेलची पिंपं आणायला गेला. बाकीचे आत इंजिनाला भिडले. इंजिनातलं तेल गोठण्याआधी काढून चुलीवर तापवलं, परत ओतलं, आणि इंजिन सुरू झालं. सगळे नाचले, एकमेकांचे मुके घेतले. मग कुणीतरी विचारलं, तो कुठे आहे? तो दाराच्या जवळच सापडला. वाऱ्यात दार दिसलं नव्हतं त्याला. आत सगळे ओरडत होते म्हणून त्याच्या हाका कुणाला ऐकू आल्या नव्हत्या.

"इंजिन सुरू झालं," तो म्हणाला, "आणि आम्ही माणसं नंतर मोजली."

मी सासूबाईंना हे मराठीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विचार त्याले, त्याच्या मायले कोणं सांगतलं?"

मी विचारलं. त्याने स्वतःकडे बोट केलं.

सासूबाई उठल्या, त्याच्या हातातला कप काढून घेतला, बशीत चहा ओतला, आणि लहान मुलाला धरतात तशी बशी त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला.

ऑपरेटर शेडच्या दारात उभा होता. आता नोकरी जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. सासूबाईंनी मला बजावलं, "सांग त्याले, म्याच सांगतलं होतं म्हणून. काढाचं तर मले काढ म्हणाव." रशियन म्हणाला, की तो कुणाचीच तक्रार करणार नाही, त्याला फक्त दुसरं इंजिन पाहिजे. मी पुन्हा टाईप केलं. या वेळी पोरीचाही उल्लेख केला. दुसरं इंजिन आलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा तुमची आई रांगत होती. सासूबाई ताट घेऊन शेडमध्ये गेल्या. ऑपरेटर हात मागे बांधून बाजूला उभा राहिला, जणू बटनाकडे चुकूनही जाऊ नये. दोन्हीपैकी जे धडधडत होतं, त्याच्याच अंगावर त्यांनी बोटाने कुंकू लावलं. इंजिनाच्या हादऱ्याने बोट हललं आणि कुंकवाची लांब रेघ उठली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "चालू असल्यावर असंच लागन."

धाकटे, तू जाणार आहेस हे ऐकून माझं जे झालं ते आता तुला कळेल. मी तुला जाऊ नकोस म्हणत नाही. तुझ्याकडे वारा आहे, ऊन आहे, बॅटऱ्या आहेत, आणि तू म्हणालीस की हल्ली इंजिनाला फार राबावं लागत नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. तरी बंद पडलेलं काही सुरू झालं, तर आधी माणसं मोज. नाचायचं ते नंतर.

रशियन त्यानंतर काही काळाने परत गेला. नवीन वर्षाचं एक कार्ड आलं, मग काही आलं नाही. शेड पाडली, इंजिनं भंगारात गेली, आमची ती क्वार्टरांची ओळही आता नाही. ऑपरेटर गेला, सासूबाई गेल्या, आजोबा गेले. तुमची आई आहे. आणि आमच्याकडे खंडेनवमीला अजूनही कुठलं यंत्र बंद करत नाहीत. ती चालू फ्रिजलाच कुंकू लावते.